दौलत मिस्त्रीचं नाक

दौलत मिस्त्री गाडीजवळ गेला की आधी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायचा. मग कमरेत वाकायचा, मान लांब करायचा आणि नाकाने गाडी पाहायचा. बॉनेटच्या फटीपाशी, चाकाच्या आत, मागे टाकीपाशी. नवख्या माणसाला वाटायचं की हा गाडीच्या पाया पडतोय. हात मागे का, तर त्याच्या हातांनाच पेट्रोलचा वास. ते पुढे आले की नाक फसायचं.

"हात चोर असते, वहिनी," तो मला म्हणायचा. "आपणच चोरी करते अन् आपणच बोंबलते."

वास आला तर तो सरळ उभा राहायचा, हात सोडायचा आणि ड्रायव्हरला एवढंच सांगायचा, "हे आज जात नाही." मग समोर कोणीही असो. मुंज असो, कोर्टाची तारीख असो, बायको बाळंत होत असो. हे आज जात नाही. लोक चिडायचे, हात जोडायचे. तो किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचा आणि चहा प्यायला बसायचा.

आमची वस्ती शहराच्या कडेला, नंदनवन भागाच्या अलीकडे. माझ्या घराच्या आणि त्याच्या घराच्या मध्ये मोकळी जागा होती, तिच्यात एक करंजीचं झाड. त्या झाडाखाली त्याचं दुकान. पाटी नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली त्यात आमची दोन्ही घरं होती. देव एकाच दिवशी बाहेर काढले होते आम्ही. तरी दुकानाच्या पहिल्या वर्षी महिनाभर माझं आणि त्याचं बोलणं नव्हतं, ते माझ्या चुलीवरून.

उन्हाळ्यात मी चूल अंगणात मांडत असे. घरात पत्रा तापायचा, आत शिजवायचं म्हणजे आपणच शिजायचं. एक दिवस भाकरी थापून वळते तर चुलीवर बादलीभर पाणी. लाकडं विझलेली, तवा पाण्यात, आणि दौलत रिकामी बादली घेऊन उभा.

"काहून गा मिस्त्री, डोकं फिरलं का तुह्यं?"

"ते गाडी पाहा," तो म्हणाला. "गळून राहिली. वारा तुमच्याकडे आहे."

"कुठी गळून राहिली? जमीन त कोरडी आहे."

"जमीन कोरडीच राहीन. वास घ्या ना."

मी घेतला. मला काही कळलं नाही. मी त्याला चांगल्या चार शिव्या घातल्या. माझा नवरा गिरणीतून आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, बरं केलं त्यानं, तू जळून गेली असती तर मला डबा कोणी दिला असता. पुढे महिनाभर दौलत समोर आला की मी तोंड फिरवून घेई. पण चूल मी घराच्या मागच्या अंगाला नेली ती कायमची.

नंतर तोच मला सांगत बसे. आपल्याकडच्या मे महिन्यात टाकीतून झिरपलेलं पेट्रोल जमिनीवर पोचतच नाही. बोट लावेपर्यंत वाळून जातं. थेंब दिसत नाही, डाग दिसत नाही. उरतो तो वास. म्हणून थंडीत कोणीही मिस्त्री चालतो, उन्हाळ्यात नाकवाला पाहिजे. हे सांगताना तो जरा फुगायचा. फुगू दे. दुसरं काय होतं त्याच्याजवळ? ठेंगणा माणूस, एक खांदा खाली, दात पिवळे, आणि तोंडावर मोठं, मधे वाकलेलं, काळं नाक.

त्या नाकापायी त्याची बायको अनुसया कंटाळली होती. तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच ओरडायचा, "अंबाडीत लसूण जाळला ना वं!" शेजारच्या बायका हसायच्या. अनुसया कमी बोलणारी. ती म्हणायची, "कुत्र्याशी लगन लावलं असतं त निदान दारावर बसलं असतं." पण ती रोज चहाचा पेला घेऊन दारात यायची आणि तो काम करत असेल तोवर चौकटीला टेकून उभी राहायची. त्याने हात पुसला की पेला द्यायची. तिची ती सवय लग्नापासूनची.

एकदा लग्नाची गाडी आली. नवरदेव मागे बसलेला, मुंडावळ्या, आणि अत्तर असं मारलेलं की करंजीवरचे मुंगळे खाली पडावेत. दौलतने हात मागे बांधले, नाक पुढे केलं आणि झटक्याने मागे घेतलं.

"नवरदेव, उतरा. तिकडे उभे राहा."

"काहून?"

"तुमच्या वासानं मले गाडी ऐकू येऊन नाही राहिली."

नवरदेवाचा मामा अंगावर आला. म्हणाला, मुहूर्त चालला. दौलत म्हणाला, मुहूर्त उद्या येईन, जावई जळाला त नवीन नाही येणार. शेवटी तो मुलगा मुंडावळ्यांसकट माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं. गाडीत काही निघालं नाही. दौलत म्हणाला, जा. आणि वरात निघाली तेव्हा हा मागून ओरडला, "अत्तर कमी लाव, नवरी पळून जाईन!"

असा तो होता. लोक त्याला हसत, पण गाडी त्याच्याकडेच आणत.

गुलाब ड्रायव्हर आमच्याकडे आला तो एका जुन्या जीपमुळे. नरखेड तालुक्यात एका गावी संत्र्याचे बगीचे असलेला मालक होता, त्याची ती जीप. लष्कराने टाकून दिलेली, लिलावात घेतलेली. त्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. गुलाब म्हणायचा, "मी पेट्रोलवर बसतो, मालक खुर्चीवर बसते, एवढाच फरक." तरणा, काळा, मिशी कोरलेली, सदानकदा बिडी. आमच्या झाडाखाली मात्र बिडी कानावर ठेवायचा, कारण पहिल्याच दिवशी दौलतने ती त्याच्या तोंडातून काढून पाण्यात बुडवली होती.

त्या दिवशी टाकीला सुईएवढं भोक निघालं. दौलतने कपडे धुवायचा साबण ओला करून, बोटाने मळून त्यात दाबला. सगळे मिस्त्री हेच करतात. साबणाला पेट्रोल खात नाही, गळती थांबते. पण तो तात्पुरता इलाज. दौलत प्रत्येकाला सांगायचा, आठ दिवसांत ये, टाकी खाली उतरवून भोक डाखानं झाळून देतो. कोणी येत नसे. गळती थांबली की माणूस विसरतो. मग हा स्वतः त्यांच्या घरी जायचा. सायकलवर सीताबर्डीला जायचा, धंतोलीला जायचा, आणि फाटकाबाहेर उभा राहून ओरडायचा, "साब, साबण!" त्यांचे नोकर आतून म्हणायचे, नको, आमच्याकडे आहे.

गुलाब आला नाही. दौलत एसटीत बसून नरखेडकडे गेला. गाव शोधलं, जीप शोधली आणि तिच्या बॉनेटवर जाऊन बसला.

गुलाब म्हणाला, "अरे बापा, तू साबण लावला, गाडी न्हाऊन निघाली, आता काय पावडर लावाले आला का?"

"चाल. आता चाल."

"मालकाले विचारा लागन."

"मालक टाकीवर बसते का तू बसते?"

जीप घेऊन दोघं परत आले, सोबत संत्र्यांची टोपली. दौलतने टाकी उतरवली, पाण्याने भरून भरून धुतली आणि झाळली. तेव्हा तिच्यातून गंज आणि काळा चिकट गाळ निघाला तो त्याने सगळा काढला नाही. गुलाबने विचारलं, काहून ठेवतो? दौलत म्हणाला, "हे टाकी पत्र्याची कमी अन् गाळाची जास्त आहे. गाळ काढशीन त चाळणी उरन. म्हाताऱ्या माणसाचे सगळे दुखणे बरे करू नाही. त्यातलंच एखादं त्याले धरून ठेवते."

त्या दिवसापासून दोघांची दोस्ती. गुलाब त्याला नाकाजी म्हणायचा. शहरात आला की जीप करंजीखाली लावायचा. "काय नाकाजी, काय म्हणते नाक?" हा म्हणायचा, "तू चार दिवस न्हाला नाही म्हणते."

नाक कधी गेलं ते कोणालाच ठाऊक नाही. त्यालाही नसेल. एका दिवसात जात नाही ते. तो रबराची नळी टाकीत सोडून तोंडाने पेट्रोल ओढायचा, धार लागली की थुंकायचा. दिवसातून किती वेळा, कोण जाणे. कार्बोरेटर उघड्या हाताने पेट्रोलमध्ये धुवायचा आणि फुंकून जेटची बारीक भोकं मोकळी करायचा. मी सांगितलं होतं त्याला, हे विष आहे. तो म्हणाला, विष असतं त मेलो असतो. विष नेहमी मारतंच असं नाही, एवढं त्याला कळत नव्हतं.

मला कळलं ते सुक्या झिंग्यांवरून. अनुसयाने एक दिवस तव्यावर झिंगे भाजले. सारी वस्ती वासाने दणाणली. मांजरं पत्र्यावर जमली. दौलत तिच्यापासून हातभर अंतरावर बसून सायकलीची साखळी पुसत होता. मी ओट्यावरून पाहत होते. अनुसयाने तवा खाली ठेवला. ताटलीत झिंगे काढले, ताटली त्याच्या पाठीमागे नेली आणि तशीच धरून उभी राहिली. तो साखळी पुसत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काय केलं वं आज?"

ती म्हणाली, "तुमीच सांगा."

तो हसला. म्हणाला, "वांगे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताटली आत नेली. त्याच्या आधी कित्येक दिवस तो जेवणाला नावं ठेवत नाही हे मी पाहत होते. मला वाटलं होतं, माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशीही त्याने गाडीजवळ जाऊन हात मागे बांधले, मान लांब केली आणि नाकाने गाडी पाहिली. तसंच, तेवढाच वेळ. मग सरळ उभा राहिला आणि म्हणाला, जा. मी विचार केला, हा आता एक दिवस कोणाला तरी जाळणार. मी त्याला तोंडावर सांगितलं.

"मिस्त्री, तुले वास येत नाही."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो. काल झिंग्याले वांगं म्हणालास."

"मजाक केली ना वहिनी."

"मग आता सांग, माह्या हातात काय आहे?" माझ्या मुठीत ठेचलेला लसूण होता. तो हसत हसत आत निघून गेला.

मग गुलाब आला एक दिवस संत्री घेऊन. त्याला चेष्टेची हुक्की आली. म्हणाला, "नाकाजी, डोळे मिट. माह्या हातात संत्रं आहे का मोसंबी, सांग. चुकला त आजपासून तुले कानाजी म्हणतो." चार ड्रायव्हर आणखी होते. दौलतने डोळे मिटले. हात मागे बांधले. नाक पुढे केलं. गुलाबने फळाचं साल नखाने सोललं. दौलत तसाच वाकून राहिला. त्याच्या मानेवर घाम आला तो मला दिसला.

तेवढ्यात दारातून अनुसया म्हणाली, "त्यांले काय विचारता, मले इथपर्यंत संत्र्याचा वास आला."

"तू काहून सांगतली वं!" दौलत डोळे उघडून ओरडला. "मी सांगतच होतो ना!"

सगळे हसले. गुलाबने संत्रं तिला देऊन टाकलं.

त्यानंतर ती दारात उभी राहायची ते वेगळं होतं. पेला तोच, चौकट तीच. पण गाडी आली की ती दारातून उतरून झाडापर्यंत यायची, गाडीला वळसा घालून परत दारात जायची. जसं काही बादली आणायला गेली होती. दौलत मग वाकायचा, नाकाने गाडी पाहायचा, आणि उठताना एकदा दाराकडे नजर टाकायचा. अनुसयाचा पदर नाकाला असला तर तो म्हणायचा, "हे आज जात नाही." पदर खाली असला तर म्हणायचा, "जा."

कोणाला कळलं नाही. मला कळलं, कारण मला दुसरा उद्योग नव्हता. मी अनुसयाला विचारलं, हे तुमचं बोलून ठरलं का? ती म्हणाली, "कायचं?" ते दोघं घरात एकटे असतानाही यावर एक शब्द बोलले नव्हते. त्याने कधी कबूल केलं नाही की वास येत नाही. तिने कधी सांगितलं नाही की मला माहीत आहे. बोललं की खरं झालं असतं. असं त्यांनी काही वर्षं काढली, आणि त्या वर्षांत एकही गाडी वाईट गेली नाही. बाईचं नाक चांगलं होतं. मिस्त्रीचं नाव होतं.

पुढे बाटल्या निघाल्या. टाकीत ओतायचं औषध. ओतलं की टाकीतला, नळीतला, कार्बोरेटरमधला सगळा गाळ विरघळून जातो म्हणत. गुलाबच्या मालकाचा मुलगा मुंबईहून घेऊन आला. गुलाबने ती जीपमध्ये ओतली आणि आठवडाभराने मे महिन्यातल्या एका सकाळी जीप घेऊन आला. मी त्या दिवशी बुधवारच्या बाजाराला गेले होते. जे झालं ते मला अनुसयाने सांगितलं, पण ते पुष्कळ वर्षांनी, तांदूळ निवडताना. तिने मान वर केली नाही.

गुलाब खुशीत होता. म्हणाला, "नाकाजी, इंजिन पाह्य, कसं नव्या नवरीसारखं बोलून राहिलं."

बाटलीचं ऐकून दौलत भडकला. "जुन्या टाकीत ओतली? अबे, तुले सांगतलं होतं ना, तिचा गाळच तिचं बूच आहे!"

"मालकानं देल्ली, मी काय म्हणू? पण मले सकाळी जरासा वास आल्यासारखा वाटला. म्हणून त तुह्याकडे आणली. माह्या नाकाचं काही खरं नाही, बिडी पिऊन पिऊन भट्टी झालं. तू पाह्य."

दौलतने सीट काढली. टाकीवर हात फिरवला. कोरडी. खाली निजून पाहिलं. कोरडी. ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. त्याने हात मागे बांधले आणि वाकला.

अनुसया बादलीच्या निमित्ताने जीपला वळसा घालून आली होती. तिला दोन दिवसांपासून सर्दी होती. रात्री ओलं पोतं अंगावर घेऊन निजायची, त्याने धरलेली उन्हाळी सर्दी. नाक दगडासारखं बंद. तिला वास आला नाही. पण आपल्याला आज वास येतच नाही, हेही तिला माहीत होतं. ती दारात उभी राहिली आणि तिला सुचेना. सर्दी झाली आहे हे नवऱ्याला कसं सांगावं? कोणत्या तोंडाने सांगावं? त्यात सांगण्यासारखं काय आहे, बायकोच्या सर्दीचा जीपशी काय संबंध, असं गुलाबने विचारलं असतं तर? इतक्या वर्षांची झाकली मूठ गुलाबसमोर उघडली असती, आणि गुलाबने ती वस्तीभर, स्टँडभर नेली असती.

मी म्हटलं असतं, मूर्ख बाई, नुसता पदर नाकाला लावायचा होता. गाडी एक दिवस उभी राहिली असती. पण तिने तसा खोटा पदर कधी लावला नव्हता. तिला वाटलं, गुलाब घाईत आहे, मालकाकडे पाहुणे आहेत, दौलत हाताने पाहतोच आहे. आणि हे सगळं मनात येईतो दौलतने उठताना दाराकडे पाहिलं. पदर खाली होता.

"जा," दौलत म्हणाला. "पण पुढच्या आठवड्यात टाकी उतरवतो. नाही आलास त मी एसटीनं येईन."

"बॉनेटवर जागा ठेवतो तुह्यासाठी," गुलाब म्हणाला.

जीप कळमेश्वरच्या पुढे पेटली. ठिणगी कुठून पडली ते कोणी सांगितलं नाही. टाकी गुलाबच्या खालीच होती. सरकारी दवाखान्यात त्याने दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी गेला. दौलत तिथे जाऊन बसला होता. गुलाबला बोलता येत नव्हतं. त्या वॉर्डाचा वास असा की बाहेरची माणसंही नाकाला रुमाल लावून जात. दौलत एकटा उघड्या तोंडाने त्याच्या खाटेशी बसला होता. नर्स म्हणाली म्हणे, याचा सख्खा भाऊ दिसतो.

कोणीही दौलतला दोष दिला नाही. त्यानेच तो संपला. जीपचा मालक स्वतः आला, या झाडाखाली उभा राहिला. म्हणाला, "मिस्त्री, तुमचा दोष नाही. तुम्ही पाहिली होती, गुलाबनं निघताना फोन केला होता. तुमच्या नाकाखालून गेलेली गाडी. नंतर रस्त्यात काहीतरी झालं."

दौलत म्हणाला, "मालक, मले वास येत नाही."

"असं नका बोलू."

"लई वर्षं झाले. मले कायचाच वास येत नाही."

मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "दुःख झालंय त्यांना. सांभाळा." मी म्हटलं, "ते खरं सांगून राहिले." तो मान हलवत निघून गेला.

त्याने सगळ्यांना सांगितलं. जो ड्रायव्हर येईल त्याला. मले वास येत नाही, गाडी दुसरीकडे न्या. कोणी खरं मानलं नाही. ते म्हणत, दोस्त गेला म्हणून मनाला लावून घेतलंय. गाड्या आणतच राहिले. मग त्याने पाने, नळ्या, सगळं एका पोत्यात बांधून विहिरीत टाकलं. तेव्हा कुठे थांबले. एसटीने तो गुलाबच्या आईकडेही गेला, तिला सांगायला. त्या म्हातारीने ऐकून घेतलं आणि त्याला जेवायला वाढलं. तो जेवून परत आला. मला म्हणाला, "वहिनी, तिनं मले मारलं पाहिजे होतं."

मी म्हटलं, "मारून काय झालं असतं?"

"काही नाही," तो म्हणाला.

पदराबद्दल तो कोणालाही, कधीही बोलला नाही. मला वास येत नाही म्हणायचा, एवढंच. मग इतकी वर्षं गाड्या कशा पाहिल्यास, असं कोणी विचारलं तर उठून आत जायचा. बायकोला त्याने त्यातून वगळून टाकलं होतं. त्या सकाळी तिला सर्दी होती हे त्याला ठाऊक होतं का? एका खोलीत राहणारी माणसं, शिंक ऐकली असेलच की. ऐकली असेल आणि तरी पदरावर भरवसा ठेवला असेल, तर मग तो कसा जगला मला माहीत नाही. ती म्हणाली, त्याने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

ती दारात उभी राहायची मात्र. चहाचा पेला घेऊन. झाडाखाली गाडी नसायची. तो नुसता बसलेला असायचा. पेला द्यायची आणि आत जायची. करंजीची फुलं गळून सगळी जागा पांढरी व्हायची, ती झाडायलाही कोणी उठायचं नाही. काही बरं झालं का पुढे, असं कोणी मला विचारतं. नाही झालं.

अनुसया गेली तीही मे महिन्यातच. दोन दिवस ताप आणि संपली. मुलगी भिलाईला दिलेली, तिची वाट पाहण्यात दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. बर्फ आणला होता तो विरघळून गेला. तिला पांढरं लुगडं नेसवलं होतं, उशाशी मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांचा अख्खा पुडा. वंदना झाली. पण मे तो मे. आम्ही साऱ्या बाया दारात उभ्या होतो आणि साऱ्यांचे पदर नाकाला होते. काही रडत होत्या म्हणून, बाकीच्या कशासाठी ते सांगायला नको.

पुरुष उचलायला पुढे झाले तसा दौलत उठला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले. कमरेत वाकला. मान लांब केली. तिच्या केसांपाशी, गळ्यापाशी, हातांपाशी नाक नेलं. फार वेळ लावला त्याने. मुलगी म्हणाली, "बाबा, काय करून राहिले?" तो सरळ झाला आणि त्याने दाराकडे पाहिलं.

मग त्याने हात सोडले.

"हे आज जात नाही," तो म्हणाला.

पुरुष थांबले. एक म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. दुसरा म्हणाला, धरा त्यांना बाजूला. दौलत तिरडीला आडवा उभा राहिला. हलेना. ऊन वाढत होतं.

मी माझा पदर खाली केला. शेजारच्या बाईला कोपर मारलं, म्हटलं, "पदर खाली कर वं." तिने डोळे वटारले. मी पुढच्या दोघींचे पदर हाताने ओढले. एकेक करून साऱ्यांचे खाली आले. वास होता. आम्ही तोंडं उघडी ठेवून उभ्या राहिलो.

दौलतने पुन्हा दाराकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेकीकडे. मग तो बाजूला सरकला.

"जा," म्हणाला.